अननसाच्या कुळातली शोभेची झाडं : घरी आणि वाडीत



आज ज्या झाडांबद्दल बोलायचं आहे, त्यांना आपल्याकडे गावचं नाव नाही. रोपवाटिकेत त्यांना ब्रोमेलियाड म्हणतात, कोणी नुसतंच ब्रोमेलिया म्हणतं. दिवाळीच्या सुमारास शहरातल्या दुकानांतून एक कुंडी विकायला ठेवलेली दिसते. पानं चकचकीत हिरवी, पट्ट्यासारखी, आणि मधोमध निखाऱ्यासारखा लाल किंवा केशरी तुरा. ती बहुधा यांच्यापैकीच एक, गुझमानिया. किंमत भक्कम असते. लोक हौसेनं घरी नेतात, तुळशीला घालावं तसं रोज तांब्याभर पाणी घालतात. तीन-चार महिन्यांत तुरा तपकिरी पडतो, बुडखा कुजतो आणि कुंडी उकिरड्यावर जाते. मग शेरा ठरलेला : "परदेशी झाड, आपल्या हवेला टिकत नाही."

हा शेरा खरा नाही. याच कुळातलं एक झाड आपल्या हवेला चारशे वर्षांहून अधिक काळ टिकून आहे. ते म्हणजे अननस. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते आपल्या किनाऱ्यावर आणलं. त्याचं नावसुद्धा दक्षिण अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या बोलीतून पोर्तुगीजांच्या तोंडून आपल्याकडे आलं. जहांगीर बादशहानं आपल्या आठवणींत आग्र्याच्या बागेत पिकणाऱ्या अननसांचा उल्लेख केलेला आहे. गोव्याच्या कुळागरांत, सावंतवाडी-दोडामार्गाकडच्या डोंगरउतारावर आज अननस इतका रुळला आहे, की तो बाहेरचा आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. तेव्हा अननस ज्यानं पाहिला, त्यानं हे कुळ पाहिलं. पानांची ठेवण तीच, वाढायची तऱ्हा तीच.

या कुळात साडेतीन हजारांहून जास्त जाती आहेत. पश्चिम आफ्रिकेतली एक जात सोडली, तर सगळ्यांचं मूळ घर अमेरिका खंडात. काही जमिनीवर वाढतात, काही खडकावर, आणि पुष्कळशा झाडांच्या खोडांवर नि फांद्यांवर. झाडावर वाढतात म्हटल्यावर बागायतदार लगेच विचारतो, "म्हणजे बांडगूळच की!" तसं नाही. बांडगूळ झाडाच्या सालीत मुळं घुसवून रस ओढून घेतं. आपल्या कोकणात आंब्याफणसावर सीतेची वेणी फुलते, ती नुसती बसायला जागा मागते, खायला मागत नाही. ही झाडं त्या पंगतीतली. मुळं फक्त धरून राहायला.

मग ती पाणी पितात कुठून? सगळी मेख इथंच आहे. या झाडांची पानं बुडाशी एकमेकांना घट्ट लपेटलेली असतात. त्यामुळे मधोमध एक द्रोण तयार होतो. पावसाचं पाणी, दव, वरून पडलेला पालापाचोळा या द्रोणात साठतो आणि पानांवरच्या बारीक खवल्यांतून झाड ते पाणी आणि त्यात विरघळलेलं अन्न शोषून घेतं. इतर झाडं पायानं पाणी पितात, हे ओंजळीनं पितं असं समजा. त्याला मातीत बुडवून पायाशी पाण्याचा मारा केला, तर मुळं सडणार, बुडखा सडणार. दिवाळीत आणलेली कुंडी मरते ती हवेमुळे नाही, पाणी चुकीच्या जागी घातल्यामुळे.

आता लावणीचं बघू. कुंडी लहान घ्या. झाड दीड फूट पसरलेलं असलं, तरी पाच-सहा इंची कुंडी पुरते. मोठ्या कुंडीत ओल जास्त दिवस धरून राहते आणि तीच नडते. काळी माती अजिबात नको. लाल मातीसुद्धा नुसती नको. कोकणात सगळ्यात सोपा माल म्हणजे नारळाचं सोडण. त्याचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करा, बादलीत भिजत घाला, आणि दोन-तीन दिवस रोज पाणी बदला. पहिलं पाणी चहासारखं लाल निघतं. ते आणि त्यातला खारटपणा निघून जायला हवा. मग दोन भाग सोडणाचे तुकडे, एक भाग विटांचे नाहीतर कोळशाचे बारीक खडे, आणि मूठभर चांगलं कुजलेलं पानांचं खत. देशावर सोडण मिळत नसेल, तर रोपवाटिकेतून ते तुकडे विकत मिळतात. बुडखा खोल पुरू नका. सर्वांत खालची पानं मिश्रणाच्या वर राहिली पाहिजेत. झाड डुगडुगलं तर महिनाभर काठीचा आधार द्या, पण खोल पुरण्याचा मोह टाळा.

वाडीत माडाच्या किंवा आंब्याच्या खोडावरही यांतली कितीतरी झाडं बसवता येतात. बुडख्याभोवती थोडा काथ्या गुंडाळायचा आणि सुंभानं खोडाला बांधायचं. पाच-सहा महिन्यांत मुळं खोडाला धरतात, मग सुंभ कुजून गेला तरी चालतं. माडाखाली जमिनीवर कुंड्या मांडणार असाल, तर बरोबर बुंध्याशी मांडू नका. पडणारी झावळ पाच वर्षांचं झाड एका क्षणात चपटं करते.

उजेडाचा हिशेब पानांवरून करावा. हात लावून बघा. पान मऊ, पातळ, गुळगुळीत असेल, म्हणजे गुझमानिया आणि व्रिसिया, तर सावली जास्त हवी. ओटीवर, गॅलरीत, पूर्वेच्या खिडकीत ही सुखानं राहतात. पान ताठ, जाड, कडेला काटेरी असेल, म्हणजे एकमिया, निओरेगेलिया, बिलबर्जिया, तर उजेड भरपूर हवा. सकाळचं कोवळं ऊन किंवा माडाच्या झावळ्यांतून झिरपणारं ऊन. वाडीतली ती हलती सावली म्हणजे या झाडांना माहेर. निओरेगेलियाचा रंग उजेडावरच असतो. काळोख्या खोलीत ठेवलंत, तर लाल झाड दोन महिन्यांत हिरवं आणि लांबट होऊन बसेल, आणि तुम्ही रोपवाटिकेला फसवलं म्हणून बोल लावाल. उलट भर दुपारच्या उन्हात पानावर पांढरट भाजल्याचे डाग पडतात. ते डाग परत जात नाहीत. सावलीची जाळी बांधणार असाल, तर काटेरी जातींना पन्नास टक्के सावलीची आणि मऊ पानांच्यांना पंचाहत्तर टक्क्यांची घ्या.

माझं मत विचाराल, तर पहिलं झाड गुझमानिया घेऊ नका. ते दिसतं देखणं, पण त्याला दमट हवा लागते आणि पिल्लंही कमी देतं. निओरेगेलियापासून सुरुवात करा. त्याचा रंग पानांत असतो, तो बारमाही राहतो. फुलं द्रोणाच्या आतच उमलतात, बारीक निळसर, कोणाचं लक्षही जात नाही. पण फुलायच्या वेळी मधली पानं कुंकवासारखी लाल होतात आणि तशी महिनोन् महिने राहतात. गुझमानियाच्या तुऱ्यातसुद्धा लाल दिसतं ते फूल नसतं. बोगनवेलीसारखीच ती रंगीत पानं असतात, खरं फूल त्यांच्या आत चार दिवस येऊन जातं. एकमियाची एक जात राखाडी-चंदेरी पट्ट्यांची असते, तिला गुलाबी तुरा येतो. ती दिसायला श्रीमंत आणि स्वभावानं काटक. मात्र काटे धारदार असतात. पोरांच्या वाटेत ठेवू नये.

द्रोण नसलेलेही या कुळात आहेत. क्रिप्टॅन्थस जमिनीलगत चांदणीसारखा पसरतो, त्याला मात्र कुंडीतली ओलच लागते. आणि टिलँडसिया तर मातीशिवाय नुसत्या हवेत टांगून वाढतात. कोकणात त्यांना दिवसाआड पाण्याचा फवारा पुरतो. पुण्या-नाशकाच्या कोरड्या हवेत आठवड्यातून दोनदा अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवाव्यात आणि मग उलट्या धरून पाणी झटकावं. आत पाणी राहिलं की गाभा कुजतो.

पाण्याचं एवढं सांभाळा : द्रोणात पाणी, कुंडीत नुसती ओल. उन्हाळ्यात द्रोण पाऊण भरलेला असावा. थंडीत अर्धा पुरे. घराच्या आत ठेवलेल्या झाडाच्या द्रोणात बोटभर पाणी बस्स झालं. विहिरीचं गोडं पाणी किंवा पागोळ्यांचं धरलेलं पाणी उत्तम. बोअरच्या जड पाण्यानं पानांवर पांढरे थर बसतात आणि ज्या खवल्यांतून झाड पितं तेच बुजतात. पानांना चकाकी यावी म्हणून कोणी खोबरेल चोळतात, तेही त्याच कारणासाठी वाईट. कडुनिंबाच्या तेलाची फवारणीही या झाडांवर नको.

आता जो विषय टाळून चालणार नाही तो, डासांचा. द्रोणात पाणी साठतं म्हटल्यावर तिथं डास अंडी घालणारच. डेंग्यूचा डास स्वच्छ, साठलेलं पाणीच शोधत असतो, आणि आपल्याकडच्या उबेत अंड्यापासून उडता डास व्हायला सात ते दहा दिवस पुरतात. म्हणून ही झाडं ठेवणाऱ्यानं आठवड्याचा एक दिवस बांधून घेतलाच पाहिजे. घरातली पिंपं, हंडे रिकामे करण्यासाठी जो कोरडा दिवस पाळता, त्याच दिवशी यांचाही नंबर लावा. लहान कुंडी सरळ उलटी करा, पाणी ओता, आणि ताजं भरा. जमिनीत किंवा खोडावर लावलेल्या झाडाच्या द्रोणात नळीनं जोराचा पाट सोडा, म्हणजे आतलं पाणी, अळ्या, कचरा सगळं बाहेर फेकलं जाईल. नुसतं वरून पाणी टाकून भागत नाही, अंडी द्रोणाच्या कडेला चिकटलेली असतात. जून-जुलैत संततधार असते तेव्हा पाऊसच द्रोण धुऊन काढतो. धोका असतो तो उघडिपीत, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. झाडं शेकड्यांनी असतील, तर डासअळ्या मारणारी बीटीआय ही जिवाणूंची भुकटी मिळते, ती पाकिटावरच्या प्रमाणात द्रोणात टाकता येते. तिनं झाडाला इजा होत नाही. रॉकेल किंवा जळकं तेल मात्र टाकू नका. अळ्या मरतील आणि झाडही मरेल. ज्या घरी लहान मूल आहे आणि आठवड्याला पाणी बदलायला कोणी मोकळं नाही, त्या घरी द्रोणाची झाडं ठेवू नयेत, टिलँडसिया ठेवावी. हे मी स्पष्टच सांगतो.

या डासांच्या गोष्टीला जोडूनच एक जुनी हकीकत आहे. वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदाद बेटावर कोकोच्या बागांना सावली म्हणून आपल्या पांगाऱ्याच्या जातकुळीतली उंच झाडं लावत. त्या झाडांवर हे ब्रोमेलियाड हजारोंनी वाढले आणि त्यांच्या द्रोणांत हिवतापाचे डास पैदा होऊ लागले. १९४०च्या दशकात तिथल्या सरकारनं ती झाडं मारायचं ठरवलं. त्यासाठी वापरलं काय, तर मोरचुदाचं पाणी. सावलीची झाडं राहिली, ब्रोमेलियाड मेले. कारण तांबं हे या कुळाला जालीम विष आहे.

आता आपल्या वाडीत या. पोफळीवर कोळेरोग येऊ नये म्हणून पावसाळ्याच्या तोंडाला आपण एक टक्का बोर्डो मिश्रण मारतो. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. पुन्हा सहा आठवड्यांनी दुसरी फवारणी. पोफळीच्या शेंड्यावर मारलेलं ते मिश्रण खाली ठिबकतं, आणि खाली जर ब्रोमेलियाडच्या कुंड्या मांडलेल्या असतील, तर थेट त्यांच्या द्रोणात. दोन-तीन आठवड्यांत मधलं पान ओढलं की हातात येतं, बुडाशी काळं पडलेलं. लोकांना वाटतं पावसानं कुजलं. म्हणून पोफळीची फवारणी बंद करू नका, पोफळ हे तुमचं पीक आहे. कुंड्या हलवा. पहिल्या फवारणीच्या आधी त्या पडवीला आणा, आणि फवारणीनंतर दोन-चार चांगल्या सरी पडून गेल्यावर परत न्या. जागच्या जागी लावलेली झाडं असतील, तर त्यांच्यावर प्लॅस्टिक अंथरा आणि फवारणीचं ठिबकणं थांबलं की काढा. ज्या बागेत वरचेवर बोर्डो मारावं लागतं, तिथं ही झाडं कायमची न लावलेलीच बरी. आंब्याकाजूवर ताम्रयुक्त बुरशीनाशक मारता, तेव्हाही हेच पथ्य.

तांब्याची आणखी दोन कलमं. खोडावर झाड बांधायला विजेच्या वायरीतली तांब्याची तार वापरू नका. आणि रात्रभर तांब्याच्या कळशीत ठेवलेलं पाणी माणसाला गुणकारी म्हणतात, ते या झाडाला घालू नका. हल्ली शहरातल्या दिवाणखान्यात पितळेच्या, तांब्याच्या घंगाळात झाडं ठेवायची टूम निघाली आहे. इतर झाडांचं ठीक, याला मातीची कुंडीच हवी.

खताबद्दल थोडक्यात. पावसाळा संपल्यावर आणि पुन्हा फेब्रुवारीत, पाण्यात विरघळणारं खत नेहमीच्या प्रमाणाच्या पाव भाग घेऊन कुंडीतल्या मिश्रणावर द्यावं. द्रोणात नको. निओरेगेलियाला युरियाची चटक लावलीत, तर रंग जाऊन हिरवागार कोबी होईल. किडी थोड्याच. पिठ्या ढेकूण आणि खवले कीड पानांच्या बेचक्यात बसते, ती साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या कापसानं पुसून घ्यावी आणि नंतर साध्या पाण्यानं धुवावं. पावसात गोगलगाई पानं कुरतडतात, त्या रात्री बत्तीच्या उजेडात वेचाव्या. द्रोणात बेडूक येऊन बसला तर त्याला हुसकू नका, तो तुमचंच काम करतोय.

फूल येऊन गेल्यावर काय? इथं केळीची आठवण ठेवा. केळ एकदाच व्यायते, घड दिला की तिचं आयुष्य सरतं, पण बुडाशी पिल उभा असतो. हे कुळ नेमकं तसंच आहे. तुरा सुकला म्हणजे झाड मेलं असं समजून फेकू नका. सुकलेला तुरा तेवढा कापा. मातृझाड त्यानंतर काही महिने, कधी वर्ष-दीड वर्षही जगतं आणि त्या काळात आपली सगळी ताकद पिल्लांत घालतं. पिल्लू आईच्या निम्म्याएवढं झालं की धारदार सुरीनं बुडाशी कापून वेगळं करा. फार लहान असताना तोडलं तर रडत-रखडत वाढतं. कापलेली जागा एक-दोन दिवस सावलीत सुकू द्या आणि मग नव्या कुंडीत लावा. गुझमानियाचं पिल्लू पुष्कळदा आईच्या पानांतूनच वर येतं, ते तोडायला जाऊ नका. तिथंच राहू द्या, आईची सुकलेली पानं काढत चला.

पिल्लू फुलायला दीड-दोन वर्षं लागतात. पूर्ण वाढलेलं झाड फुलायला टाळाटाळ करत असेल, तर घरगुती उपाय आहे. आंब्याच्या अढीत एक पिकलेला आंबा बाकीच्यांना पिकवतो, तो त्यातून निघणाऱ्या एथिलीन वायूमुळे. तोच वायू या कुळाला फुलवतो. अ‍ॅझोर्स बेटांवरचे अननसवाले काचघरात धूर करून बाग फुलवत, तेही धुरातल्या याच वायूच्या जोरावर. आपण धूर करायचं कारण नाही. द्रोण रिकामा करा, झाडाशेजारी दोन पिकलेली केळी ठेवा, सगळ्यावर प्लॅस्टिकची पिशवी घालून तोंड बांधा आणि आठवडाभर सावलीत ठेवा. उन्हात ठेवलंत तर झाड आत उकडेल. दीड ते तीन महिन्यांत फूल दिसू लागतं. कोवळ्या झाडावर हा प्रयोग करू नका. ते फुललं तरी तुरा बोटभर येईल.

विदर्भ-मराठवाड्यातल्या श्रोत्यांसाठी एवढंच, की एप्रिल-मेमध्ये कुंड्या पूर्वेच्या भिंतीच्या सावलीत एकत्र मांडा, खाली ओली वाळू पसरा, आणि द्रोणात पाणी संध्याकाळी घाला. दुपारच्या उन्हात द्रोणातलं पाणी तापून गाभा शिजतो. महाबळेश्वरसारख्या थंड ठिकाणी डिसेंबर-जानेवारीत कुंड्या रात्री घरात घ्याव्यात.

पैसे न घालता हात बसवायचा असेल, तर बाजारातून आणलेल्या अननसाचा तुरा फेकू नका. तो पिळून काढा, खालची बोटभर पानं सोला, तीन-चार दिवस सुकू द्या आणि कुंडीत लावा. अननस जमिनीवरचा असल्यामुळे त्याला निचऱ्याची मातीही चालते. दीड-दोन वर्षांत फळ धरेल. ते बाजारातल्यापेक्षा लहान असेल, पण तोवर या कुळाच्या सवयी तुम्हाला कळलेल्या असतील.

काही भगिनी बचत गटातून रोपांची विक्री करतात. त्यांना हे पीक जमण्यासारखं आहे, कारण निओरेगेलियाचं एक झाड आयुष्यात तीन-चार पिल्लं सहज देतं आणि माडाखालची पडून असलेली सावली वापरात येते. पण आधी वीस-पंचवीस झाडं करा, जवळच्या शहरातले रोपवाटिकावाले आणि हॉटेलं विचारून बघा, मगच वाढवा. आणि विकताना गिऱ्हाइकाला दोन गोष्टी तोंडानं सांगा, डासांचा कोरडा दिवस आणि तांब्याचं पथ्य. झाड टिकलं तर तो परत येईल.

विकत घेणाऱ्यांनी झाड निवडताना आधी तुरा बघू नये. मधलं पान हलकेच ओढून पाहा, सैल असेल तर गाभा कुजलेला आहे. मग कुंडी उचलून बुडाशी बघा. तुरा नुकता रंग धरतोय आणि बाजूला पिल्लाचं हिरवं टोक दिसतंय, असं झाड घ्या.